माडीवरच्या बाईचं ताट

"पण ती जेवली का?"

मास्तरांनी नव्या नाटकाचं पहिलं वाचन संपवलं, वही मिटली, चष्मा काढला आणि आमच्याकडे पाहिलं. अशा वेळी कुणीतरी "वा, मास्तर" म्हणायचं असतं. त्याऐवजी सतरंजीच्या कोपऱ्यातून हा प्रश्न आला. विचारणाऱ्या बाईंनी उजव्या हाताचं पहिलं बोट मांडीवरच्या कागदावर टेकवलेलं होतं. ओळ हरवू नये म्हणून. तालमीत हे बोट त्या कधीच उचलत नसत. चहा डाव्या हातानं, माशी वारायची ती डाव्या हातानं, आणि कुणी नमस्कार केला तर नुसती मान.

"कोण जेवली का?" मास्तर म्हणाले.

"माडीवरची. पहिल्या अंकापासून कोंडलेली हाय. शेवटच्या अंकात मरते. मधे सहा महिने गेले असं तुम्हीच लिवलंय. सहा महिने हिला ताट कोण नेतं?"

मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. उत्तर नसलेल्या प्रश्नाला कसं तोंड द्यायचं हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "बाई, ही भयकथा आहे."

"व्हय. पण भूक लागंल ना तिला?"

ऐंशीच्या दशकातली रत्नागिरी आठवा. हौशी नाटकमंडळी गल्लोगल्ली होती आणि राज्य स्पर्धा जवळ आली की बँकेत, कचेरीत, शाळेत, कुणाच्याच कामात फारसा जीव नसे. आमचं मंडळ लहान होतं. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर होते आणि मंडळात सामानाची जबाबदारी माझ्याकडे होती. कोणत्या अंकाला काय लागतं, कुणाच्या घरून आणलं, कधी परत द्यायचं, सगळं माझ्या वहीत. मंडळी मला यादीबाई म्हणत. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. यादी नसेल तर नाटकातला राजा तलवारीऐवजी छत्री घेऊन रंगमंचावर जातो. हे मी पाहिलेलं आहे.

बाई आमच्या प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून, नट अडला की पुढचं वाक्य कुजबुजून पुरवायचं, हे त्यांचं काम. प्रेक्षकाला ऐकू जाता कामा नये आणि नटाला ऐकू गेलंच पाहिजे, असा एक आवाज असतो. तो बाईंना उपजत होता. नोकरीला त्या मनोरुग्णालयात होत्या, बायकांच्या विभागात मदतनीस. अकरा वर्षं. घर मालगुंडच्या बाजूला, नवरा बोटीवर, वर्षातून एकदा येणारा. त्या इस्पितळाजवळच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि वाचनालयातल्या रहस्यकथा एकामागून एक फस्त करायच्या.

"सगळ्या वाचल्यात," त्या मला एकदा म्हणाल्या. "बायका चारच. घाबरणारी, किंचाळणारी, किल्ल्या ठेवणारी आणि आधीच मेलेली. एवढा मोठा बंगला, अठरा खोल्या, पण भांडी घासणारी एक सापडायची नाय."

मास्तरांच्या नाटकात त्या चारही होत्या. समुद्राकडेच्या कड्यावरचा बंगला. त्याचा तरुण, उदास मालक. त्याच्याशी लग्न करून आलेली कोवळी नायिका. काळ्या साडीतली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली घरकामाची मुख्य बाई, सगळ्यांकडे तिरकं बघणारी. भिंतीवर मालकाच्या मेलेल्या आईची तसबीर. आणि माडीवर, दाराआड, मालकाची पहिली बायको. वेडी. ती शेवटपर्यंत दिसत नाही. फक्त साखळीचा खळखळाट आणि एक किंकाळी.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकते. गुपित शेवटच्या अंकात उघडायचं ही मास्तरांची रीत, माझी नाही. मला मात्र हे सगळं होऊन गेल्यावरच कळलं.

मालकाचं काम करणारा सुधाकर आमच्याच कचेरीत टंकलेखक होता. सावर्ड्याचा. देखणा, अबोल. आईवडील वारलेले. त्याला लहानाचं मोठं केलं ते थोरल्या बहिणीनं, आक्कानं. पुढं आक्काचं लग्न झालं, मूल झालं, मूल गेलं आणि तिचं मन फिरलं. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली, आणि सुधाकरनं तिला रत्नागिरीच्या इस्पितळात दाखल केलं. हे चार वर्षांपूर्वीचं. ती बरी होऊन आता वर्ष उलटलं होतं. डॉक्टर घरी न्या म्हणत होते. सुधाकरला पत्रं जात होती. आधी तो महिन्यातून एकदा भेटायला जायचा, मग तेही थांबलं, कारण त्याचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांना त्यानं सांगितलं होतं की घरात मी एकटाच, मागं कोणी नाही.

आक्का बाईंच्याच विभागात होती. म्हणजे तालमीला रोज समोरासमोर येणाऱ्या या दोघांना एकमेकांबद्दल सगळं माहीत होतं. तो त्यांना "मॅडम" म्हणायचा, आम्ही सगळे "बाई" म्हणत असताना. त्या त्याला फक्त एकच विचारायच्या, तेही सगळ्यांसमोर, सहज विचारावं तसं: "सुधाकर, शिमग्याला घरी जाणार ना?" तो म्हणायचा, "बघू." शिमग्याला कोकणातला माणूस मुंबईहूनही गावी येतो. पालखी दारात येते, आणि दार उघडायला घरात कोणी लागतं. इथल्या इथं असलेल्या माणसानं "बघू" म्हणणं मला तेव्हाही चमत्कारिक वाटलं होतं. पण मी सामानाची यादी करत होते.

इस्पितळातली एक गोष्ट बाईंनी मला पुष्कळ नंतर सांगितली. बरी झालेली बाई तिथं जास्त राहिली की तिथलीच होते. आधी ती जेवण वाढायला मदत करते. मग नव्यांना समजावते. मग घरचं नाव काढलं की विषय बदलते. आक्का वाढायला लागली होती.

बाईंनी नाटकाची केलेली चिरफाड मात्र फार मजेची होती. तालमीत मधेच हात वर जायचा, अर्थात डावा.

"मास्तर, ही पोर मेणबत्ती घेऊन माडीवर का जाते? घरात कंदील हाय. दुसऱ्या पानावर लिवलाय."

"कंदील वाऱ्यानं विझत नाही, बाई. मेणबत्ती विझते. विझल्यावर ती घाबरते."

"म्हणजे घाबरायचं म्हणून मेणबत्ती नेते?"

नायिका झालेली मुलगी फिस्सकन हसली. मास्तर म्हणाले, "पुढं चला."

साखळी मी शेजारच्या गोठ्यातून आणली होती, म्हशीची. बाईंनी ती हातात घेऊन पाहिली. "आमच्याकडं नाय हो अशी. हिची म्हैस कुठं बांधलीय आज?" माडीवरच्या बाईला म्हणून पांढरी साडी आणि मोकळ्या केसांचा टोप यादीत होता, कारण शेवटी तिचं प्रेत दाखवायचं होतं. त्यावर बाई म्हणाल्या, "पांढरी साडी रोज धुणार कोण? आणि केस? आमच्याकडं सकाळचं पहिलं काम वेण्या घालायचं. मोकळे सोडले तर आठ दिवसांत उवा. वेडी झाली म्हणून उवा काय सोडत नाहीत."

मी वहीत टोपापुढं प्रश्नचिन्ह केलं.

एकदा चहाच्या वेळी नायिकेनं भीत भीत विचारलं, "बाई, तिथल्या बायका खरंच कशा वागतात हो?"

सुधाकर कपातल्या चहाकडे बघत राहिला.

"कशा म्हणजे? सकाळी मी आत गेल्ये की पहिला प्रश्न, बाजारात बांगडा कसा. चार रुपयांना किती आले, डोळे लाल होते की पांढरे. सांगितल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. मग आंघोळीच्या पाण्यावरनं भांडण. मग एक गाणं म्हणते, दुसरी तिला गप्प कर म्हणते. दोघीतिघी रडतात, पण ते गो, तुझ्या घरी पण कोणीतरी रडत असेल."

"आणि ओरडत नाहीत?"

"ओरडतात की. माझ्या नावानं. वाटाण्याची उसळ खारट झाली की."

किंकाळी खरं तर बाईंच्याच वाट्याला आली होती. माडीवरची बाई दिसणारच नव्हती, मग तिच्यासाठी निराळी नटी कशाला? प्रॉम्प्टर विंगेत असतेच, तिनं किंचाळावं, हा मास्तरांचा हिशेब. बाईंनी सरळ नाही म्हटलं. "मला येत नाय. अकरा वर्षांत ऐकली नाय मी तसली. न ऐकलेलं कसं काढू तोंडातून?" मास्तरांनी एक मारून दाखवली. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. बाई म्हणाल्या, "ही तर विंचू चावल्यासारखी."

शेवटी मी वहीत लिहिलं: किंकाळी, १, स्वतः. सूचना: "वर कोणी नाही" या वाक्यानंतर लगेच.

ते वाक्य नाटकाचं टोक होतं. नायिका जिन्याखाली उभी राहून मालकाला विचारते, वर कोण आहे? तो दोन पावलं पुढं येतो आणि गरजतो, "या घरात वर कोणी नाही!" आणि त्याच क्षणी वरून किंकाळी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता.

गंमत अशी की सुधाकर नेमका तिथंच अडायचा. सगळ्या संहितेच्या पाच प्रती कार्बन लावून त्यानंच टाइप केल्या होत्या. आम्हाला आमची वाक्यं पाठ व्हायच्या आत त्याला सगळ्यांची पाठ होती. पण जिन्यापाशी आला की दोन पावलं टाकायचा आणि गप्प. मग विंगेतून बाईंचा आवाज, "या घरात वर कोणी नाही." तो म्हणायचा, मी किंचाळायची, पुढं चालू. दर तालमीला. मास्तर चिडायचे. "अरे, पाच शब्दांचं वाक्य!" तो म्हणायचा, "होईल, मास्तर. प्रयोगाला होईल."

मास्तरांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणत असू. किल्ल्यांवाली दुष्ट बाई त्या करत होत्या. पंधरा दिवस तालीम झाल्यावर त्या वैतागल्या. "मी सबंध नाटकभर तिरकं बघते. मान अवघडली माझी. घरी पोळ्या लाटतानाही तिरकं बघायला लागल्येय." मास्तर म्हणाले, "भूमिकाच तशी आहे." वहिनी म्हणाल्या, "भूमिका नाही, मानदुखी आहे."

बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. मी तिथंच साड्यांच्या घड्या मोजत होते, म्हणून ऐकलं.

"वहिनी, एक सांगू? ही तुमची बाई वाईट नाय. किल्ल्या कुणाकडं हायत?"

"माझ्याकडे."

"म्हणजे माडीचं दार कोण उघडतं?"

"मीच."

"मग तिचं तोंड रोज बघणारी तुम्ही एकटीच. सगळं घर खाली बसून घाबरतंय. वर जाते कोण? तुम्ही. जेवण तुम्ही नेता. खाल्लं नाय तर तुम्ही बसता. लोकांकडं तिरकं बघता ते रागानं नाय. कोण काय विचारील म्हणून बघता."

वहिनींनी कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवला. आत्तापर्यंत त्या वाजवण्यासाठी होत्या. त्या दिवसापासून वाजू नयेत म्हणून त्या त्यांना मुठीत धरायला लागल्या. आणि माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "यादीबाई, मला एक ताट पाहिजे. आणि त्यात खरी पेज. नुसतं ताट घेऊन चाललं की लगेच कळतं."

मास्तरांनी कुरकुर केली, पण वाक्य वाढत नाही म्हटल्यावर परवानगी दिली. मी लिहिलं: पितळी ताट, १. वाटी, १. पेज, प्रत्येक अंकाला ताजी.

स्पर्धेचा प्रयोग होता त्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं होतं. पहिल्या दोन रांगांत परीक्षक आणि मान्यवर, मागं आपलं गाव. कोकणातला प्रेक्षक कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. पैसे देऊन आलेला असो वा फुकट, नटाला तो पदरचे दोन शब्द दिल्याशिवाय जात नाही. नायिकेनं मेणबत्ती पेटवली तेव्हा मागून आवाज आला, "अगो, बॅटरी घे!" हशा पिकला. मास्तर विंगेत कपाळाला हात लावून बसले. साखळी खळखळली तेव्हा दुसरा म्हणाला, "म्हस सुटली रं!" मला तर वाटलं गोठ्याच्या मालकानंच साखळी ओळखली.

वहिनी मात्र ताट घेऊन जिना चढू लागल्या की लोक गप्प होत. तीनदा चढल्या, तीनदा गप्प. तिसऱ्यांदा खाली येताना त्यांनी ताटाकडं पाहिलं. पेज तशीच होती. त्यांनी ती पदरानं झाकली. मास्तरांनी हे लिहिलेलं नव्हतं. माझ्याही यादीत नव्हतं.

मग ती जागा आली. मी डाव्या विंगेत, किंकाळीसाठी छाती भरून उभी. समोरच्या विंगेत बाई, हातात वही, त्यावर लहान बॅटरीचा उजेड. नायिका म्हणाली, "सांगा मला. वर कोण आहे?" सुधाकर दोन पावलं पुढं आला.

आणि गप्प.

आम्हाला सवय होती. आता बाईंचा आवाज येईल. मी बाईंकडं पाहिलं. बोट वहीवर होतं, अगदी ओळीवर. बॅटरीच्या उजेडात ते मला स्वच्छ दिसत होतं. ओठ मिटलेले होते. सुधाकरनं मान किंचित वळवून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्यांनी बोट उचललं आणि वही मिटली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी घड्याळाची माणूस, पण त्या वेळी घड्याळाकडं पाहिलं नाही. मागच्या रांगांतून कुणी बोललं नाही. मग तो गरजला नाही. अगदी साध्या आवाजात, कचेरीत एखादा कागद मागावा तसं म्हणाला,

"आहे. वर माझं माणूस आहे."

नायिकेला पुढचं वाक्य नव्हतं. मला किंकाळीची सूचना मिळालेली नव्हती आणि सूचनेशिवाय मी काही करत नाही. मी भरलेली छाती हळूच सोडून दिली. रंगमंचावर तिघं जण पुतळ्यासारखे उभे. सगळं नाटक तिथं आडवं झालं असतं. सावरलं ते वहिनींनी. त्यांनी कोपऱ्यातलं ताट उचललं, सुधाकरपुढं धरलं आणि म्हणाल्या, "मग आज तुम्ही न्या. माझ्या हातचं खात नाही ती हल्ली."

सुधाकरनं ताट घेतलं. जिना चढला. पायऱ्या फळ्यांच्या होत्या, वर नुसता एक चौरंग आणि काळा पडदा होता. तो पडद्याआड गेला. मास्तरांनी हातानं खूण करून पडदा पाडायला लावला, कारण दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. प्रेत, पांढरी साडी, आग, समुद्राच्या लाटा, शेवटची सात पानं तशीच राहिली.

टाळ्या पडल्या की नाही, हे लोक मला अजून विचारतात. पडल्या.

निकालात आम्ही कुठंच नव्हतो. मंजूर संहितेप्रमाणे प्रयोग झाला नाही, हे उघड होतं. फक्त वहिनींना अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. ते मास्तरांनी स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावलं, पण आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मंडळाची बैठक झाली. मास्तरांचा संताप मला समजत होता. दोन वर्षं त्यांनी ते नाटक लिहिलं होतं.

"बाई, वाक्य का दिलं नाहीत?"

"ओळ हरवली, मास्तर."

"तुमची? ओळ?" ते माझ्याकडं वळले. "यादीबाई, तुम्ही समोर होतात. काय पाहिलंत?"

"अंधार होता," मी म्हटलं. आयुष्यात मी चुकीची नोंद फार थोड्या वेळा केली आहे. ही त्यातली एक.

सुधाकर उभा राहिला. "चूक माझी आहे, मास्तर. वाक्य माझं होतं."

"नट विसरतो," मास्तर म्हणाले. "विसरणं ही चूक नव्हे. विसरलेल्याला वाक्य देणं हे त्यांचं काम होतं. ते त्यांनी केलं नाही. पुढच्या नाटकाला दुसरी प्रॉम्प्टर बघावी लागेल."

मी बाईंकडं पाहिलं. मला वाटलं, आता त्या बोलतील. बोलल्या असत्या तर सुधाकरचं सगळं उघडं पडलं असतं, हे मला नंतर कळलं; न बोलल्या तर मंडळ सुटेल, हे तेव्हाच दिसत होतं. या मंडळाखेरीज त्यांना इस्पितळाबाहेर दुसरं जग नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या उठल्या. संहितेची प्रत मास्तरांपुढं ठेवली, कडा जुळवून.

"बरोबर हाय मास्तरांचं," त्या म्हणाल्या. "काम होतं माझं."

त्यानंतर त्या तालमीला आल्या नाहीत. पुढची प्रॉम्प्टर कॉलेजातली एक हुशार मुलगी होती. तिचा आवाज चौथ्या रांगेपर्यंत जायचा.

बाई जाऊन आता दोन पावसाळे झाले. निवृत्त होऊन मालगुंडकडे घरी गेल्या आणि वर्षभरात गेल्या. नवरा तेव्हा बोटीवरच होता. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढं काहीच येणं-देणं नव्हतं, फक्त एक लहान बॅटरी सामानाच्या ट्रंकेत राहून गेली होती, प्रयोगाच्या संध्याकाळची. ती मी त्याच वर्षी परत केली होती. त्या परतीचं सांगते आणि थांबते.

शिमगा चार दिवसांवर होता. कचेरीत जायच्या आधी मी बॅटरी घेऊन इस्पितळात गेले. फाटकापाशी एक रिक्षा उभी होती आणि रिक्षापाशी सुधाकर. हातात पत्र्याची छोटी पेटी. मला पाहून तो आधी दचकला, मग म्हणाला, "आक्काला न्यायला आलोय." एवढंच. बाकीचं त्यानं मला पुढच्या काही महिन्यांत कचेरीत, टाइपरायटरवर कागद चढवता चढवता सांगितलं. मुलीकडच्यांना त्यानं पत्र लिहून खरं काय ते कळवलं होतं. त्यांचं उत्तर लगेच आलं होतं, दोन ओळींचं. लग्न मोडलं.

बाई आतून आल्या. त्यांच्याबरोबर चाळिशीची, सावळी, छापील पातळ नेसलेली एक बाई. मी आक्काला पहिल्यांदा पाहत होते. खरं सांगते, मी तिच्यात काहीतरी शोधत होते, जे चार बायकांपैकी एकीत असतं. तसं काही नव्हतं. तिनं रिक्षाकडं पाहिलं आणि भावावर खेकसली, "रिक्षा कशाला केलीस? स्टँड काय मुंबईला आहे?"

"पेटी जड आहे, आक्का."

"पेटीत काय आहे माझ्या? दोन पातळं." मग ती बाईंकडं वळली. मघाची ऐट गेली. हातातली पिशवी तिनं दोनदा या हातातून त्या हातात केली. "बाई, येत्ये मग."

आपल्यात घर सोडताना "जाते" म्हणत नाहीत. "येते" म्हणतात. पण बाईंनी जिभेनं च् केलं.

"काय म्हणायचं सांगितलंय मी?"

आक्काच्या तोंडून ते निघेना. आपल्या बायकांच्या तोंडून ते सहसा निघतच नाही.

"इथनं निघणाऱ्या बाईनं 'येते' म्हणायचं नाय. आमचा नियम हाय. म्हण."

"जाते," आक्का म्हणाली.

"जा. आणि मागं बघू नको."

सुधाकर बाईंच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला अर्ध्यावरच धरलं आणि रिक्षाकडं ढकललं. "एसटी सुटंल मेल्या. चल."

रिक्षा उतारानं खाली निघाली. वळणावर आक्कानं बाजूनं डोकं बाहेर काढलं आणि मागं वळून पाहिलंच. मी हात हलवला. तिला मी कोण ते माहीतही नव्हतं, पण कुणीतरी हलवायला हवा होता.

बाई तोवर आत गेल्या होत्या.